शब्दविचार : निशाचर

गेल्या महिन्याच्या टपालात एका भगिनींचे पत्र आले आहे. नावगाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे आम्ही ते देत नाही. परंतु पत्रातील प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचा विचार या सदरात करणे योग्य वाटते. त्या लिहितात :

“आमचे कुटुंब एकत्र असून घरात लहानथोर अकरा माणसे आहेत. माझी धाकटी जाऊ रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातून दहाबारा दिवस तिला रातपाळी असते. सकाळी आठाच्या सुमारास ती घरी येते, तेव्हा आमचे थोरले दीर ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. तिला पाहताच ते म्हणतात, ‘आल्या आमच्या निशाचरी!’ सगळे हसतात, तीही हसते. आता मुलेही ‘निशाचर काकू’ म्हणू लागली आहेत. परवा स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारले, ‘ताई, त्या शब्दाचा खरा अर्थ काय हो?’ मी थोरल्या दिरांपाशी विषय काढला. ते मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, ‘अहो, रात्री जो संचार करतो तो निशाचर. शुद्ध संस्कृत शब्द आहे, व्याकरणाने सिद्ध आहे. यात अपशब्द कोठला?’ मला संस्कृत येत नाही. गुरुजी, आपण काय ते सांगावे.”

प्रश्न व्याकरणाचा म्हणून विचारला गेला आहे, तेव्हा आधी व्याकरणाचेच पाहू.

थोरल्या दिरांनी दिलेली व्युत्पत्ती बरोबर आहे. ‘निशा’ हे अधिकरण, म्हणजे क्रिया जेथे किंवा जेव्हा घडते ते स्थान अथवा काळ. आणि ‘चर्’ हा धातू. अधिकरणवाचक पद आधी आले असता चर् धातूस ‘ट’ हा प्रत्यय लावावा, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्या प्रत्ययातील टकार लोप पावून ‘अ’ तेवढा उरतो. परंतु जाता जाता तो एक खूण ठेवून जातो, ती अशी की स्त्रीलिंगी रूप ‘निशाचरा’ असे न होता ‘निशाचरी’ असे होते. जलचर, खेचर, वनचर हे शब्द याच घडणीचे. ‘रात्रि’ शब्दापुढे चर आला म्हणजे मध्ये अनुस्वार विकल्पाने येतो, म्हणून ‘रात्रिचर’ आणि ‘रात्रिंचर’ ही दोन्ही रूपे शुद्ध. येथपर्यंत कोणाचाही वाद नाही.

परंतु चर् धातूचा अर्थ काय? गती, म्हणजे फिरणे, हा मुख्य. आणि भक्षण हा दुसरा. आपल्या मराठीत दुसराच अर्थ बळावला आहे. गुरे चरतात, माणसे चरत नाहीत, आणि एखादा माणूस चरतो असे म्हटले तर तो त्याचा गौरव नव्हे. तिसरा अर्थ आचरण्याचा. व्रत आचरणे, धर्म आचरणे, यांतला. आता जी बाई रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसते, दर दोन तासांनी नाडी पाहते, औषधाची वेळ चुकू देत नाही, ती त्या रात्रीत ‘फिरते’ असे म्हणणे हे वर्णन म्हणूनही अपुरे आहे. धात्वर्थाचाच आग्रह धरावयाचा, तर तो सगळाच धरावा. सोयीचा तेवढा उचलू नये.

तथापि खरा मुद्दा याच्या पुढे आहे. शब्दाचा अर्थ केवळ त्याच्या अवयवांवरून ठरत नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांनी शब्दांचे भेद केले आहेत. ‘पाचक’ म्हणजे शिजविणारा. येथे अवयवांचा अर्थ तोच शब्दाचा अर्थ, म्हणून हा यौगिक. ‘मंडप’ शब्दाचे अवयव पाहिले तर ‘मंड पिणारा’, म्हणजे पेज पिणारा, असा अर्थ निघतो. पण लग्नाच्या मंडपाशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून हा रूढ. आणि तिसरा प्रकार योगरूढ. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले. चिखलात बेडूक जन्मतात, गोगलगाई जन्मतात, नाना प्रकारचे किडे जन्मतात. परंतु पंकज म्हणताच डोळ्यांसमोर येते ते कमळ. अवयवांचा अर्थ तेथे आहे, पण रूढीने त्याला एकाच वस्तूच्या दावणीला बांधून टाकले आहे. बेडकाला पंकज म्हणणारा मनुष्य व्युत्पत्तीने बिनचूक आणि भाषेने चूक असतो.

‘निशाचर’ हा असाच योगरूढ शब्द आहे, आणि रूढीने तो ज्याच्या दारी बांधला गेला तो राक्षस होय. अमरसिंहाने आपल्या कोशाच्या पहिल्या कांडात राक्षसाची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘रात्रिंचर’ आणि ‘रात्रिचर’ ही दोन्ही आहेत. रामायणात निशाचर, रजनीचर, क्षणदाचर, क्षपाचर हे शब्द लंकेच्या रहिवाशांना उद्देशून पदोपदी येतात. तेथे ‘हा रात्री हिंडणारा आहे’ असे कवीला सांगावयाचे नसते. ‘हा राक्षस आहे’ एवढेच सांगावयाचे असते. आणि कोशाची गंमत पाहा, राक्षसाच्या नावांच्या त्याच यादीत अमराने ‘पुण्यजन’ हाही शब्द दिला आहे. व्युत्पत्तीने तो किती पवित्र! परंतु थोरल्या दिरांना उद्या कोणी जाणत्याने भरसभेत ‘या, पुण्यजन!’ म्हणून हाक मारली, तर ‘यात अपशब्द कोठला?’ असे ते विचारतील काय, याचा त्यांनीच विचार करावा.

स्त्रीलिंगी रूपाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. संस्कृत कोशांत ‘निशाचरी’ शब्दाचा राक्षसी हा एक अर्थ असून, रात्री प्रियकराच्या भेटीस निघालेली स्त्री हा दुसरा अर्थ आहे. कालिदासाने रघुवंशाच्या अकराव्या सर्गात ताटकावधाच्या प्रसंगी या दोन्ही अर्थांवर श्लेष केला आहे, आणि मल्लिनाथाने तो आपल्या टीकेत उलगडून दाखविला आहे. काव्यात, राक्षसीच्या बाबतीत, महाकवीने केलेला तो श्लेष आहे. घरच्या सुनेच्या बाबतीत, ओसरीवरून, शेजारपाजार ऐकत असता, त्याच शब्दाचा उच्चार करणे ही निराळी गोष्ट झाली. बोलणाऱ्याच्या मनात तसले काही नाही, हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु शब्द मनातून बाहेर पडला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही. त्याच्या पाठीमागे त्याचा सगळा गोतावळा येतो. रात्री घराबाहेर राहून काम करणाऱ्या स्त्रियांविषयी लोक काय काय बोलत आले आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. त्या बोलण्याला आपल्याच ओसरीवरून संस्कृताचा आधार मिळावा, हे इष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, रात्रच मुळी वाईट. रात्री हिंडणाऱ्यास राक्षसाचे नाव पडले ते उगाच नाही. तर हेही तपासून पाहू.

हनुमंताने लंकेत पाऊल टाकले ते सूर्यास्तानंतर. देह लहान करून त्याने सारी रात्र त्या नगरीचा शोध घेतला. महाल पाहिले, पानभूमी पाहिली, पुष्पक पाहिले, आणि रात्र थोडी उरली असता अशोकवनात त्याला सीता दिसली. सुंदरकांडाचा हा सगळा भाग रात्रीचा आहे. निशेत संचार करणारा म्हणून हनुमंताहून अधिक यथार्थ उदाहरण कोठे मिळणार? परंतु त्याला निशाचर म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. उलट, रावणाने सीतेला नेले ते भिक्षूच्या वेषात, दिवसाढवळ्या. निशाचरांच्या राजाने आपले सर्वांत मोठे पाप दिवसा केले, आणि रामदूताने आपले सर्वांत मोठे कार्य रात्री केले!

महाभारतात सौप्तिक पर्व आहे. वडाच्या झाडाखाली बसलेल्या अश्वत्थाम्याने, झोपलेल्या कावळ्यांना घुबड ठार करीत आहे असे पाहिले, त्यावरून धडा घेतला, आणि त्याच रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून निजलेल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पुत्रांना मारले. हे कृत्य निंद्य ठरले ते रात्री घडले म्हणून नव्हे, निजलेल्यांवर शस्त्र चालविले म्हणून. त्या पर्वाचे नावही रात्रीवरून पडलेले नाही. ते ‘सुप्त’ शब्दावरून, निजलेल्यांवरून, पडले आहे. इकडे आपल्या इतिहासात शिवछत्रपतींनी ता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला, आणि तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड घेतला. या वीरांना निशाचर म्हणावयास कोणाची जीभ रेटेल? तात्पर्य, दोष काळात नाही, कर्मात आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर सर्व भूतांची जी रात्र, तिच्यात संयमी पुरुष जागा असतो, असे सांगून जागृतीचाच गौरव केलेला आहे.

प्राचीनांना रात्रीचे भय होतेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील रात्रिसूक्तात, लांडग्यापासून आणि चोरापासून आम्हांला राख, अशी प्रार्थना आहे. परंतु ती प्रार्थना रात्रीलाच केलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. तिला तेथे देवी म्हटले आहे, उषेची बहीण म्हटले आहे, आणि नक्षत्रे हे तिचे डोळे मानले आहेत. यास्काचार्यांनी निरुक्तात ‘रात्रि’ शब्दाची व्युत्पत्ती देताना म्हटले आहे की, रात्री संचार करणाऱ्या प्राण्यांना ती रमविते आणि इतरांना ती विसावा देते; अथवा ‘रा’ म्हणजे देणे या धातूवरून ती रात्रि, कारण ती दंव देते. येथे यास्कांनी ‘नक्तंचारी’ असा शब्द योजला आहे, आणि त्यात निंदेचा लेशही नाही. शब्दाच्या अंगी मूळचा दोष नव्हता. तो संगतीने आला, आणि एकदा आल्यावर राहिला.

मग हा शब्द अजिबात टाकूनच द्यावा काय? मुळीच नाही. त्याला आजच्या मराठीत एक चांगले आणि निष्कलंक स्थान आहे, ते प्राणिशास्त्रात. जे प्राणी दिवसा विश्रांती घेतात आणि रात्री भक्ष्य शोधतात ते निशाचर. जे दिवसा हिंडतात ते दिनचर. घुबड, रातवा, वटवाघूळ, साळिंदर, खवल्या मांजर हे निशाचर प्राणी होत. येथे शब्दाच्या पुढे ‘प्राणी’ किंवा ‘पक्षी’ हे विशेष्य असल्यामुळे राक्षसाची आठवण कोणास होत नाही, आणि चर् धातूचे फिरणे व भक्षणे हे दोन्ही अर्थ तंतोतंत जुळतात. गव्हाणी घुबड रात्री बाहेर पडते ते उंदीर खाण्यासाठीच. त्याचे दोन कान डोक्याच्या दोन बाजूंस किंचित वरखाली असतात, त्यामुळे पाचोळ्यातील उंदराची जागा त्याला निबिड अंधारातही नुसत्या आवाजावरून कळते. शेतकऱ्याचे धान्य राखणारा हा पक्षी आपण अशुभ मानला, हाही शब्दांच्या आणि समजुतींच्या संगतीचाच परिणाम होय.

या वापरासंबंधी तीन नियम सांगतो. विद्यार्थ्यांस ते उपयोगी पडतील.

पहिला : मराठीत हे विशेषण विकारी नाही. निशाचर पक्षी, निशाचर पाखरे, निशाचर जात असेच लिहावे. ‘निशाचरी प्राणी’ असे अलीकडे छापलेले दिसते, ते अशुद्ध आहे. ‘निशाचरी’ हे विशेषणाचे सामान्य रूप नसून स्त्रीवाचक नाम आहे.

दुसरा : निशाचर हा शब्द कर्तृवाचक आहे, जो हिंडतो त्याला तो लागतो, हिंडण्याला किंवा कामाला लागत नाही. म्हणून ‘निशाचर कामे’, ‘निशाचर उद्योग’, ‘निशाचर नोकरी’ हे प्रयोग चुकीचे आहेत. काम काही रात्री फिरत नाही, काम करणारा फिरतो.

तिसरा : मनुष्याला उद्देशून, विशेष्यावाचून, नुसता ‘निशाचर’ म्हटले की तो शब्द विशेषण राहत नाही, नाम होतो, आणि नाम झाला की राक्षस होतो.

तर मग रात्रीच्या कामाला लावावे असे विशेषण कोणते? संस्कृतात त्यांची वाण नाही. ‘निशा’ शब्दावरून ‘नैश’ आणि ‘नैशिक’ ही दोन्ही रूपे पाणिनीला मान्य आहेत; ‘शर्वरी’वरून ‘शार्वर’ होते. ‘दोषा’ हे रात्रीचे एक जुने नाव. आपला ‘प्रदोष’ त्यातूनच आला. अद्यतन, पुरातन, सनातन या शब्दांत जो ‘तन’ आहे, तोच लागून ‘दोषातन’ म्हणजे रात्रीचा, असा सुरेख शब्द होतो. कालिदासाने तो रघुवंशाच्या तेराव्या सर्गात योजला आहे. परंतु मराठी कानाला त्यात ‘दोष’ तेवढा ऐकू येईल. चंद्राला ‘दोषाकर’ म्हणून कवींनी त्याची चेष्टा केली, ती याच सोयीमुळे. रात्र करणारा तोही दोषाकर आणि दोषांची खाण तोही दोषाकर. तेव्हा हा शब्द नको. ‘नैश’ शास्त्रीय ग्रंथांत चालेल. घरात चालणार नाही.

‘नक्त’ हा यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत दूर पसरलेला शब्द. लॅटिनमध्ये रात्रीला नॉक्स, षष्ठीत नॉक्टिस; ग्रीकमध्ये न्यूक्स, षष्ठीत न्यूक्टोस; जर्मनमध्ये नाख्ट; इंग्रजीत नाइट; लिथुएनियन भाषेत नाक्टिस. इंग्रजी प्राणिशास्त्रातील ‘नॉक्टर्नल’ हे विशेषण याच लॅटिन शब्दापासून निघाले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या आशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली जे सांगितले, त्याचा पडताळा घ्यावयास हा एक शब्दही पुरेसा आहे. आमच्या भगिनींना तर हा शब्द कोशावाचून ठाऊक असतो. श्रावणी सोमवारचे ‘नक्त’ म्हणजे दिवसभर न जेवता रात्रीच्या आरंभी एकदाच जेवणे. धर्मशास्त्राच्या निबंधांत गृहस्थाने नक्षत्रे दिसू लागल्यावर नक्त भोजन करावे असे सांगितले आहे. म्हणजे रात्रीची क्रिया हेच येथे व्रत झाले! जी भाषा रात्रीच्या एका जेवणाला व्रत म्हणते, तिने रात्रीच्या शुश्रूषेला राक्षसकर्म म्हणावे, हे न्यायाचे नाही.

परंतु संस्कृताकडे धाव घेण्याचेही कारण नाही. मराठीने आपल्यापुरती सोय केव्हाच करून ठेवली आहे. रातपाळी किंवा रात्रपाळी हा शब्द गिरणीकामगारांपासून परिचारिकांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि त्यात ना स्तुती ना निंदा. रात्रपाळीचा डॉक्टर, रात्रपाळीची परिचारिका, रात्रीचा पहारा असे साधे षष्ठीचे रूप हेच मराठीतील खरे विशेषण होय. गावगाड्यात रात्री गावाची राखण करणारा ‘जागल्या’ होता. त्याच्या नावात फिरणे नाही, जागणे आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी आपल्या घरी जी शाळा काढली, ती रात्रशाळा. कोणी तिला निशाचरशाळा म्हटले नाही. पहाटेच्या अंधारात येणारा पिंगळा, उजाडताना येणारा वासुदेव, काकडआरतीला देवळाकडे निघालेली माणसे, मंगळागौरीला आणि हरतालिकेला रात्रभर खेळणाऱ्या आमच्या लेकीसुना, कोजागरीला ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत येणारी लक्ष्मी, या सर्वांच्या रात्रीला मराठीत जो शब्द आहे तो ‘जागरण’. जी बाई पगार घेऊन का होईना, पण दुसऱ्याच्या लेकरासाठी रात्र काढते, तिच्या रात्रीलाही हाच शब्द शोभतो. जागरण आपण देवासाठी करतो. ती रुग्णासाठी करते.

शब्दाची चर्चा येथे संपली असती; पण शब्दाच्या मागून वागणूक येते, म्हणून आणखी चार ओळी लिहितो.

रात्री जागणे शरीराला मानवत नाही, ही गोष्ट आता शास्त्राने पक्की केली आहे. द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूसारख्या झाडाचे रोप अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने वेळेवर उघडत आणि मिटत राहिली. सजीवांच्या अंगातच एक घड्याळ आहे, याची ती पहिली चाहूल. ते घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे फळमाशीवर प्रयोग करून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीत हे घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात केली. माणसांविषयीचा पुरावा मर्यादित आहे, हेही त्याच संस्थेने नमूद केले आहे. म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. परंतु जी व्यक्ती हा भार उचलते तिला दिवसाची झोप पुरेशी आणि शांत मिळाली पाहिजे, एवढा बोध तरी घरच्यांनी घ्यावा.

येथे जुन्या घरांत एक अडचण येते. दिवसा झोपू नये असा आपल्याकडे दंडक आहे, आणि दहा वाजता अंथरुणावर असलेली सून ही वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. दंडक खरा आहे; आयुर्वेदाने उन्हाळा सोडून एरवी दिवसाची निद्रा निषिद्ध मानली आहे. पण शास्त्र अर्धे वाचू नये. ज्या वाग्भटाने हा निषेध सांगितला, त्यानेच अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अपवादही सांगून ठेवला आहे : सवय नसता ज्याला जागरण घडले, त्याने जितका वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, जेवणाच्या आधी झोपावे. म्हणजे आठ तासांच्या पाळीला चार तासांची झोप ही केवळ सवलत नव्हे, तर शास्त्राज्ञा आहे. ज्या घरात शास्त्राला मान आहे त्या घराने तीही पाळावी. सकाळी आठ ते बारा त्या खोलीचे दार लोटलेले असावे, मुलांनी तेवढा वेळ अंगणात खेळावे, दारावरच्या विक्रेत्याशी घासाघीस हलक्या आवाजात करावी. आणि नैवेद्याला, पाटपाण्याला त्या दिवसांत तिचा हात गृहीत धरू नये.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींस आमचे उत्तर थोडक्यात असे : आपल्या थोरल्या दिरांनी व्युत्पत्ती बरोबर सांगितली, अर्थ मात्र सांगितला नाही. शब्द घुबडाला लावावा, वटवाघळाला लावावा. माणसाला लावू नये, आणि स्त्रीला तर कदापि लावू नये. ते संस्कृताचे चाहते दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी हा लेख रागाने न वाचता अमरकोश आणि रघुवंश उघडून पडताळून पाहावा, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे. मुलांची चिंता करू नये. थोरांनी शब्द सोडला की ती आपोआप सोडतात, आणि ‘काकू’ हा शब्द विशेषणावाचूनच पुरेसा गोड आहे. आपल्या जाऊबाईंना अर्थ विचारावासा वाटला, यावरून त्यांना तो आधीच कळला होता असे आम्हांस वाटते.

रात्री चालणाऱ्या कामांना आणि ती करणाऱ्यांना गावोगावी निरनिराळे शब्द आहेत. शेताच्या राखणीचे, गुऱ्हाळाचे, मासेमारीचे, भट्टीचे, पाणी धरण्याचे, असे आपल्या भागातील शब्द वाचकांनी अर्थासह लिहून पाठवावेत; जमले तेवढे या सदरात देऊ. पुढील अंकी ‘दिवाभीत’ या शब्दाचा विचार करण्याचे योजले आहे. निशाचराचा हा सख्खा शेजारी असून, त्याचा मराठीतील उपयोग मात्र घुबडापेक्षा माणसांविषयीच अधिक होतो.